विश्लेषण : सुपरकार म्हणायचे तरी कशाला? इंदूरच्या होळकर महाराजांच्या मोटारीतून समजून घ्या फरक

मीरा रोडच्या सिल्व्हर पार्क सिग्नलवरून रात्री एखादी सेडान सायलेन्सरमधून फटाके फोडत निघाली, की कडेला उभ्या पोरांचे मोबाइल वर होतात. रील चढते आणि त्याखाली ‘सुपरकार’ असे लिहिले जाते. बहुतेक वेळा ती सुपरकार नसते. ती वेगवान गाडी असेल, महागडी असेल, किंवा साध्या गाडीला नुसता मोठा आवाज बसवलेला असेल.

मग सुपरकार नेमकी कोणती? हा प्रश्न सुटायला नव्वद वर्षांपूर्वीची एक मोटार आणि तिचा मराठी मालक मदत करतात. मालकाचे नाव महाराजा यशवंतराव होळकर दुसरे, इंदूर संस्थानचे अखेरचे सत्ताधारी राजे.

मोटारीमुळे बदललेले नशीब

यशवंतरावांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ रोजी इंदूरला झाला. वडील महाराजा तुकोजीराव तिसरे. मुलाचे शिक्षण इंग्लंडमध्ये, आधी शाळा आणि मग ऑक्सफर्डचे ख्राइस्ट चर्च कॉलेज. १९२४ मध्ये कोल्हापूरजवळच्या कागलच्या घाटगे घराण्यातील संयोगिताराजे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दोघेही तेव्हा अगदी लहान होते.

राज्य त्यांच्याकडे इतक्या लवकर येण्याचे कारण मुंबईत घडले. १२ जानेवारी १९२५ रोजी मलबार हिलवर व्यापारी अब्दुल कादर बावला यांची मोटार दुसऱ्या मोटारीतून आलेल्या हल्लेखोरांनी अडवली. गोळीबारात बावला ठार झाले. त्यांच्यासोबत असलेल्या मुमताज बेगम या इंदूर दरबार सोडून आल्या होत्या, त्यामुळे संशय थेट इंदूरपर्यंत पोहोचला. चौकशी आयोगाला सामोरे जा किंवा गादी सोडा, असे दोन पर्याय ब्रिटिश सरकारने तुकोजीरावांपुढे ठेवले. फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी गादी सोडली आणि यशवंतराव सतराव्या वर्षी महाराज झाले. पूर्ण अधिकार हाती यायला मात्र १९३० साल उजाडले.

जे हवे ते मुळापासून

तरुण महाराजांची आवड त्या काळच्या इतर संस्थानिकांपेक्षा वेगळी होती. जुन्या राजवाड्याला झुंबरे लावण्यापेक्षा त्यांनी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुरचनाकाराला इंदूरला बोलावले आणि माणिकबाग हा नवा राजवाडा उभारला. इमारत, खुर्च्या, दिवे, गालिचे या सगळ्यांचा विचार एकत्र झाला. महाराजांच्या रेल्वे डब्याचे आतले कामही मुथेसियस यांनीच आखले. शिल्पकार कॉन्स्टँटिन ब्रांकुसी यांच्याकडून महाराजांनी पक्ष्याची तीन शिल्पे घेतली. तयार वस्तू घेऊन सजवायची नाही, हवी ती मुळापासून घडवून घ्यायची, ही त्यांची रीत. मोटारीच्या बाबतीतही त्यांनी तेच केले.

ड्यूसेनबर्ग : त्या काळाच्या पुढची गाडी

१९३०च्या दशकाच्या मध्यात महाराजांनी अमेरिकन ड्यूसेनबर्ग कंपनीची ‘एसजे’ मोटार घेतली. तेव्हा अशा कंपन्या इंजिनासह चॅसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा विकत. वरची बॉडी ग्राहक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बनवून घेई. होळकरांच्या गाडीची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग या कंपनीने घडवली. भलेमोठे लांब बॉनेट आणि मागे उघडी स्पीडस्टर बॉडी असे तिचे रूप होते. लांब चॅसिसच्या या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतरच सुमारे ३.९ मीटर होते. आज आपल्याकडच्या छोट्या गाड्यांची पूर्ण लांबी चार मीटरच्या आत असते.

तिचे इंजिन आठ सिलिंडरचे आणि सुमारे ६.९ लिटरचे. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आणि डोक्यावर दोन कॅमशाफ्ट. ही रचना तेव्हा मुख्यतः शर्यतीच्या गाड्यांत दिसे. ड्यूसेनबर्गला ती जमली, कारण कंपनी शर्यतींतूनच वर आली होती. इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत तिच्या गाड्यांनी १९२४, १९२५ आणि १९२७ मध्ये जिंकली होती. ‘एसजे’मध्ये त्यावर सुपरचार्जर चढवला होता. हा पंखा इंजिनात जास्त हवा दाबून भरतो. हवा जास्त, म्हणजे जास्त इंधन जाळता येते आणि ताकद वाढते.

कंपनीच्या दाव्यानुसार ही ताकद ३२० हॉर्सपॉवर होती आणि वेग ताशी २०० किलोमीटरच्या पुढे जात होता. त्याच सुमारास लोकप्रिय असलेल्या फोर्ड मॉडेल ए गाडीची ताकद ४० हॉर्सपॉवर होती. म्हणजे फरक तब्बल आठपट. किमतीतली दरी त्याहून मोठी. १९२९च्या सुमारास फोर्डची साधी गाडी ५०० डॉलरच्या आत मिळे, तर ड्यूसेनबर्गच्या सुपरचार्जर नसलेल्या नुसत्या चॅसिसला ८,५०० डॉलर पडत. बॉडीचे पैसे वेगळे.

मग ती सुपरकार होती का?

‘सुपरकार’ हा शब्द तेव्हा नवा नव्हता. १९२० मध्ये लंडनच्या ‘द टाइम्स’मधील एका मोटारीच्या जाहिरातीत तो आला होता. १९६०च्या दशकात अमेरिकेत मोठे इंजिन बसवलेल्या ‘मसल कार’नाही तो लावला जाई. आजचा अर्थ रूढ झाला तो मुख्यतः १९६६च्या लॅम्बोर्गिनी मिउरामुळे. तिचे बारा सिलिंडरचे इंजिन बॉनेटखाली नव्हते. ते दोन आसनांच्या मागे, चालक आणि मागच्या चाकांच्या मध्ये आडवे बसवले होते. वजन मध्यभागी आले की गाडी वळणावर चटकन दिशा बदलते. शर्यतीतली ही मांडणी मिउराने रस्त्यावर आणली.

आता वेगवान गाड्यांचे प्रकार पाहू.

• परफॉर्मन्स कार : रोजच्या वापराच्या गाडीची जास्त ताकदीची आवृत्ती. बीएमडब्ल्यू एम३ ही मुळात ३ सीरीजच. मागे मुले बसतात, डिकीत सामान मावते.

• स्पोर्ट्स कार : हलकी, चपळ, चालवायला मजेदार. ताकद अफाट असावी लागत नाही. उदाहरणार्थ, माझदा एमएक्स-५.

• ग्रँड टूरर : लांबचा प्रवास वेगात आणि आरामात करण्यासाठी. इंजिन बहुधा पुढे, आसने ऐसपैस.

• सुपरकार : कोऱ्या कागदावर आखलेली. वेग, पकड आणि रूप यांसाठी बाकी सगळ्या सोयी सोडलेल्या, मोजक्या संख्येत बनणारी.

• हायपरकार : सुपरकारच्याही पुढचे टोक. २००५ची बुगाटी वेरॉन १००१ हॉर्सपॉवरची होती आणि ताशी ४०० किलोमीटरच्या पुढे जात होती.

केवळ आकड्यांवर सुपरकार ठरत नाही. टेस्ला मॉडेल एस प्लेड ही पाच जणांची इलेक्ट्रिक सेडान ताशी १०० किलोमीटरचा वेग अडीच सेकंदांच्या आत गाठते. मिउराला त्यासाठी सहा सेकंदांहून जास्त लागत. तरी सुपरकार मिउराच. कारण प्रश्न दोन आहेत : गाडी मुळापासून कशासाठी आखली, आणि तिच्या काळातल्या सामान्य गाडीपेक्षा ती किती पुढे होती?

या कसोटीवर होळकरांची ड्यूसेनबर्ग दुसऱ्या प्रश्नात सहज पास होते. पहिल्यात मात्र अडकते. ती लांब, वजनदार, पुढे इंजिन असलेली गाडी होती. सरळ रस्त्यावर वाघ, पण वळणासाठी जन्मलेली नव्हे. आजच्या भाषेत तिला ग्रँड टूरर म्हणावे लागेल. सुपरकारची आजी म्हटले तरी चालेल.

आणि किंमत?

सुपरकारच्या व्याख्येत एक गोष्ट क्वचित सांगितली जाते. तिला तोटा सोसणारे कोणीतरी लागते. महामंदीत ड्यूसेनबर्गचे ग्राहक आटले आणि १९३७ मध्ये कंपनी बंद पडली. कंपनीचे संस्थापक फ्रेड ड्यूसेनबर्ग १९३२ मध्येच स्वतःच्याच ‘एसजे’ मोटारीच्या अपघातानंतर वारले होते. होळकरांच्या बाबतीत मागे खजिना होता, आणि तो संस्थानच्या रयतेच्या करांतून भरत होता. त्यांची अभिरुची काळाच्या पुढे होती, हे खरे. तिचे बिल ज्यांच्या घामातून गेले, त्यांतल्या बहुतेकांनी मोटारीत कधी पाऊल ठेवले नसेल, हेही तितकेच खरे.

महाराजांच्या आयुष्याचा वेग १९३७ नंतर बदलला. संयोगिताराजे त्या वर्षी स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. त्यांनी पंचविशीही गाठली नव्हती. ब्रांकुसी यांच्या शिल्पांसाठी आखलेले मंदिर कधी उभे राहिलेच नाही. महाराजांनी पुढे दोनदा अमेरिकन स्त्रियांशी विवाह केले. १९४२ मध्ये त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना जाहीर पत्र लिहून भारताच्या प्रश्नात मध्यस्थी करण्याची विनंती केली. त्यांच्या आश्रयाखालच्या होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले. ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत यशवंतरावांचे निधन झाले.

माणिकबागेत पुढे सरकारी कर खात्याचे कार्यालय आले. तिथले फर्निचर १९८० मध्ये मोनॅकोत लिलावात विकले गेले. ड्यूसेनबर्गही भारताबाहेर गेली.

सिल्व्हर पार्कसाठी एवढेच

पुढच्या वेळी सिग्नलवर आवाज आला, तर दोन प्रश्न विचारा : ही गाडी मुळापासून वेगासाठीच आखली होती का? आणि आजच्या साध्या गाडीपेक्षा ती खरेच किती पुढे आहे? सायलेन्सर बदलल्याने उत्तर बदलत नाही. बदलतो तो फक्त कायद्याचा हिशेब. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. आणि ती खरी सुपरकार निघालीच, तरी सिल्व्हर पार्कच्या गर्दीत तिला रिक्षाच्या मागेच थांबावे लागेल.