कालुगाचे शाळामास्तर

विद्यार्थी मित्रांनो, अंतराळाचा विषय निघाला की तुमच्या ओठांवर गागारिन, आर्मस्ट्राँग किंवा आपले राकेश शर्मा यांची नावे येतात. ते साहजिकच आहे. पण हे सर्वजण ज्या अग्निबाणांवर स्वार होऊन गेले, त्यांचे गणित कोणी मांडले हे वर्गात विचारले तर सारे गप्प बसतात. ते मांडणारे गृहस्थ होते रशियातील एका लहान गावचे शाळामास्तर, आणि ते जवळजवळ ठार बहिरे होते. त्यांचे नाव कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्हस्की.

त्यांचा जन्म १७ सप्टेंबर १८५७ रोजी रियाझान प्रांतातील इझेव्हस्कोये या खेड्यात झाला. वडील जंगलखात्यात नोकरीला होते. कुटुंब मोठे आणि मिळकत बेताची. मूल दहा वर्षांचे असताना त्याला स्कार्लेट फीवर झाला. जीव वाचला, पण कानांची श्रवणशक्ती बहुतेक गेली. पुढे आई वारली. शाळेत मास्तर काय शिकवतात ते ऐकू येईना, वर्गातील मुले चेष्टा करीत. अखेर १८७३ मध्ये शाळा कायमची सुटली. त्यानंतर या मुलाने शाळेत पाऊल टाकले ते शिक्षक होऊनच.

येथे पालकांना एक गोष्ट सांगाविशी वाटते. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा बसत असे. प्रश्न विचारला की नुसता पाहत राही. मी त्याला कित्येक महिने आळशी समजत होतो. त्याला एका कानाने ऐकू येत नाही हे मला त्याच्या धाकट्या बहिणीकडून समजले. पुढच्या बाकावर बसवल्यावर तोच मुलगा गणितात पास होऊ लागला. त्सिओल्कोव्हस्कीचे चरित्र मी त्यानंतर वाचले, आणि मला फार लाज वाटली.

शाळा सुटली तरी मुलाला यंत्रांचा व पुस्तकांचा नाद आहे हे वडिलांनी ओळखले होते. त्यांनी सोळा वर्षांच्या बहिऱ्या मुलाला एकटे मॉस्कोला धाडले. महिन्याला दहा-पंधरा रुबल पाठवीत. तेथे कोणत्याही कॉलेजात त्याने नाव घातले नाही. रोज सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन तो बीजगणित, भूमिती, पदार्थविज्ञान, खगोलशास्त्र स्वतःच शिकला. पैसे पुस्तकांत, पाऱ्यात आणि रसायनांत जात. खाण्यावर महिन्याकाठी ९० कोपेक, म्हणजे एक रुबलही नाही, आणि खाणे म्हणजे काळी रोटी. तीन वर्षे अशी गेली. प्रकृती खालावली तेव्हा वडिलांनी परत बोलावले.

१८७९ मध्ये ते शिक्षकाची परीक्षा पास झाले आणि पुढच्या वर्षी बोरोव्हस्क येथील शाळेत अंकगणित व भूमिती शिकवू लागले. तेथेच त्यांचे लग्न झाले. मुलांना ते कागदाचे, गरम हवेवर उडणारे फुगे करून दाखवीत. रात्री घरी संशोधन चाले. वायूंच्या गुणधर्मांविषयी मोठ्या कष्टाने लिहिलेला निबंध त्यांनी सेंट पीटर्सबर्गच्या विद्वान मंडळाकडे पाठवला, तेव्हा कळले की हे शोध पूर्वीच लागलेले आहेत! खेड्यात राहून एकट्याने शिकण्याची ही किंमत असते. दुसरा कोणी खचला असता. ते १८९२ मध्ये कालुगाला बदलून गेले आणि तेथे १८९७ मध्ये हवेचा रोध मोजण्याचा बोगदा त्यांनी स्वतःच्या हातांनी बनवला.

त्यांचे खरे कार्य १९०३ साली प्रसिद्ध झाले. आदल्याच वर्षी मॉस्कोत शिकणारा थोरला मुलगा इग्नाती याने आत्महत्या केली होती. त्या दुःखातून सावरत असतानाच मे १९०३ मध्ये एका शास्त्रीय मासिकात त्यांचा अग्निबाणाने अवकाशात जाण्यासंबंधीचा लेख आला. राईट बंधूंचे विमान उडायला तेव्हा सात महिने अवकाश होता.

लेखातील मुख्य सूत्र थोडक्यात सांगतो. अग्निबाण मागे वायू फेकतो व त्याच्या प्रतिक्रियेने पुढे जातो. त्याला टेकायला हवा लागत नाही. समजा, वायू सेकंदाला ३ किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. रिकामा अग्निबाण १ टन आणि इंधनासह ४ टन असेल, तर हवा व गुरुत्वाकर्षण सोडून देता त्याला सेकंदाला सुमारे ४ किलोमीटर वेग मिळेल. वेग दुप्पट हवा असेल तर ८ टन करून भागत नाही. १६ टन करावे लागतात. तिप्पट हवा असेल तर ६४ टन! पृथ्वीभोवती फिरत राहण्यासाठी सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर वेग हवा. म्हणून त्यांनी बंदुकीची दारू बाजूला सारून द्रवरूप हायड्रोजन व द्रवरूप ऑक्सिजन सुचवले, आणि १९२९ मध्ये अग्निबाणांची आगगाडी सुचवली: एक टप्पा जळून गेला की तो टाकून द्यायचा, पुढचा पेटवायचा. मित्रांनो, यात लॉगॅरिदम आहे, जे पाठ करताना तुम्ही कंटाळता.

लेखाकडे फारसे कोणी पाहिले नाही आणि ते मासिकही लवकरच बंद पडले. १९०८ मध्ये ओका नदीच्या पुरात घर व पुष्कळ कागदपत्रे खराब झाली. क्रांतीनंतर १९१९ मध्ये त्यांना काही दिवस तुरुंगातही ठेवले गेले. जर्मनीत ओबेर्थ यांचे पुस्तक १९२३ मध्ये निघाले, तेव्हा कुठे त्यांच्या देशवासीयांना आपल्या या मास्तरांची आठवण झाली. तोपर्यंत ते निवृत्त झाले होते व १९२१ पासून सरकारी पेन्शन मिळत होती. शेवटपर्यंत घरी केलेले पत्र्याचे मोठे कर्णे कानाला लावून ते भेटायला येणाऱ्यांचे बोलणे ऐकत. १९ सप्टेंबर १९३५ रोजी कालुगा येथे त्यांचा मृत्यू झाला. एकही मोठा अग्निबाण त्यांनी बांधला नाही. तेवढा पैसा त्यांच्याजवळ कधीच नव्हता.

१७ सप्टेंबर १९५७ रोजी त्यांच्या जन्मशताब्दीच्या सभेत अग्निबाणतज्ज्ञ कोरोलेव्ह यांनी भाषण केले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, पहिला स्पुटनिक आकाशात गेला. १९६१ मध्ये अंतराळातून परत आलेल्या गागारिनने कालुगाला येऊन त्यांच्या नावाच्या संग्रहालयाची कोनशिला बसवली. चंद्राच्या पाठीमागील बाजूवरील एका विवराला त्यांचे नाव आहे. आणि २०२३ मध्ये आपले चांद्रयान-३ ज्या अग्निबाणावर निघाले, त्याच्या सर्वांत वरच्या टप्प्यात द्रवरूप हायड्रोजन व द्रवरूप ऑक्सिजनच भरलेले होते.