अंगणातली शाळा

नागपूरच्या एखाद्या वस्तीतून सकाळी जाताना तुम्हांला लहान मुलांचा गलका ऐकू येतो. मुले टाळ्या वाजवून गाणी म्हणत असतात. ही अंगणवाडी. तुमच्यापैकी कितीतरी जण लहानपणी तिथे गेले असतील. ही कल्पना कोणाची, हे तुम्हांला माहीत आहे का? ती ताराबाई मोडक यांची.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. त्या काळी इतक्या शिकलेल्या स्त्रिया फार थोड्या होत्या. लग्नानंतर त्या आपल्या विदर्भात, अमरावतीला आल्या. पुढे त्यांचा संसार मोडला; पण त्या खचल्या नाहीत. राजकोटला जाऊन त्या शिक्षिका तयार करणाऱ्या एका कॉलेजच्या प्राचार्य झाल्या.

त्या वेळी भावनगरला गिजुभाई बधेका यांचे बालमंदिर होते. तिथे छडी नव्हती, धाक नव्हता. मुले खेळता खेळता शिकत. हे काम ताराबाईंना इतके आवडले, की त्यांनी प्राचार्यपद सोडले आणि त्या गिजुभाईंना जाऊन मिळाल्या. १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला.

ही खेळातून शिकण्याची पद्धत इटलीच्या डॉक्टर मारिया माँटेसरी यांची. त्यांनी १९०७ साली रोम शहरात बालगृह सुरू केले होते. त्यांची अक्षरे खरखरीत कागदाची असत. मूल अक्षरावरून बोट फिरवी आणि तोंडाने त्याचा आवाज काढी. डोळा, बोट आणि कान असे तिघे मिळून अक्षर शिकत. अक्षराचा आवाज आधी, नाव मागून. तुम्ही उर्दूत मीम हे नाव शिकलात. पण मकान म्हणताना ऐकू येतो तो फक्त म. लहान मुलाला हा म आधी सापडला, की वाचणे सोपे जाते.

पण अशी साधने महाग असत. गरिबांच्या मुलांनी काय करावे? १९४५ साली ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. गरीब वस्तीतली मुले शाळेत येईनात, तेव्हा ताराबाईंनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी! शिंपले, खडे, बिया, पाने हीच तिथली खेळणी झाली. १९५७ साली हे काम जवळच्या कोसबाड येथे गेले. तिथली आदिवासी मुले गुरे राखत, म्हणून त्यांच्यासाठी कुरणातही शाळा भरू लागली.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण हा किताब मिळाला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. १९७५ साली सरकारने देशातील बालकांसाठी मोठी योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले.

मित्रांनो, तुमच्या घरी लहान भाऊ किंवा बहीण आहे ना? मग पाटी देण्याची घाई करू नका. म ने सुरू होणाऱ्या वस्तू शोधायला सांगा. माती, मका, मडके! शोधता शोधता ते हसेल आणि शिकेलही. ताराबाईंना हेच तर हवे होते.