शिवराम जानबांनी मुरळीला जागा दिली. आम्ही काय देणार?

चळवळीच्या इतिहासात काही माणसे अशी असतात की त्यांचे नाव सर्वांच्या ओठी असते, पण त्यांचे पुरते काम फारसे कोणी सांगत नाही. शिवराम जानबा कांबळे हे त्यांपैकी एक. १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना देताना, १९२७ साली बाबासाहेबांना तेथे आणण्यात पुढाकार घेणारे म्हणून त्यांचे स्मरण होते. पर्वती सत्याग्रहाचा विषय निघाला की त्यांचे नाव येते. परंतु याच माणसाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका मुरळीची कैफियत तिच्याच नावाने आपल्या मासिकात छापली, हे आमच्या व्यासपीठांवरून क्वचितच ऐकू येते. आज देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया स्वतःच्या संघटना चालवीत आहेत आणि त्या संघटनांना पैसा कोणी द्यावा, कोणत्या अटीवर द्यावा, हा प्रश्न उभा आहे. अशा वेळी शिवराम जानबांचे चरित्र पुन्हा उघडावे असे आम्हांस वाटते.

हे आम्ही रायगडच्या किनाऱ्यावरील नागावहून लिहीत आहोत. पुण्याच्या कांबळ्यांचा या मुलखाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. १९८१ पूर्वी हा जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. याच जिल्ह्यातल्या महाड परिसरातील गोपाळबाबा वलंगकरांनी, इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केल्यावर, १८९४ साली सरकारकडे अर्जाचा मसुदा तयार केला. कोकणात वलंगकरांनी धरलेला तो धागा पुढे पुण्यात शिवराम जानबांनी हाती घेतला. जिल्हे वेगळे असले तरी लढा एकच होता.

शिवराम जानबांचा जन्म १८७५ चा. पुण्याच्या लष्कर भागात फ्रीमेसन लोकांच्या सभागृहात ते बटलर म्हणून नोकरीला होते. साहेबांच्या पंगती वाढायच्या आणि उरलेला वेळ वाचनात घालवायचा, असा त्यांचा क्रम. जोतीराव फुले, लोकहितवादी, बाबा पदमनजी यांचे लिखाण त्यांनी वाचले. त्यांच्या हाती पदवी नव्हती, घराणे नव्हते, पाठीशी धनिक नव्हता. नोकरदार माणसाची तुटपुंजी मिळकत आणि समाजबांधवांची साथ एवढ्यावर त्यांनी सार्वजनिक कामाला हात घातला, ही गोष्ट नीट लक्षात ठेवली पाहिजे.

१९०३ साली त्यांनी सासवडला ५१ गावांतील महारांची सभा भरविली आणि दीड हजारांवर सह्यांचा अर्ज सरकारला धाडला. लष्करात व पोलिसांत नोकऱ्या द्या, शाळेची दारे उघडा, अशा त्यातल्या मागण्या होत्या. सरकारने दाद दिली नाही. तरी १९१० साली जेजुरीला दख्खनच्या महारांची परिषद घेऊन त्यांनी थेट विलायतेत भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठविला. पुढे पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, इंग्रजांना माणसांची गरज पडली तेव्हा महार पलटण उभी राहिली, आणि युद्ध सरल्यावर ती मोडलीही गेली. हक्क मागून मिळत नाही आणि मिळालेला टिकवायला संघटना लागते, हा धडा त्यांच्या पिढीने असा गिरवला.

१९०४ साली त्यांनी पुण्यात श्रीशंकर प्रासादिक सोमवंशीय हितचिंतक मित्रसमाज स्थापन केला आणि वाचनालय सुरू केले. जुलै १९०८ पासून 'सोमवंशीय मित्र' हे मासिक काढले. ते फार वर्षे चालले नाही. परंतु त्या थोड्या काळात त्याने एक असे काम केले, ज्याला त्या काळच्या पांढरपेशा सुधारकी पत्रांत जोड सापडणे कठीण.

ते काम मुरळीचे. जेजुरीच्या खंडोबाला नवस बोलायचा, नवस फेडायला पोटची पोर देवाला वाहायची, भंडारा उधळून तिचे देवाशी लग्न लावायचे, गळ्यात कवड्यांचा गाठा बांधायचा. त्यानंतर तिला माणसाशी लग्न नाही. रात्रभर जागरणात वाघ्याबरोबर गायचे, घाटी वाजवायची, आणि वय वाढेल तसे ज्याच्या हाती पैसा त्याच्या दारी जायचे. यातल्या कितीतरी जणी पुण्या-मुंबईच्या वेश्यावस्तीत पोहोचल्या. वाहिल्या जाणाऱ्या मुली महार, मांग आणि इतर कष्टकरी जातींच्या. सोडलेल्या मुलीवर हक्क सांगायला गावचा पाटील पुढे, आणि तिच्या लेकराला बापाचे नाव द्यायला कोणी नाही. देवाच्या नावाने जातिव्यवस्थेने चालविलेली ही स्त्रियांची वेठबिगारी होती.

शिवराम जानबांनी मासिकातून आईबापांना सुनावले की पोरी देवाला सोडू नका. समाजातल्या तरुणांना आवाहन केले की मुरळ्यांशी रीतसर लग्ने करा. या आवाहनाला उत्तर आले ते एका मुरळीचेच. शिवूबाई लक्ष्मण जाधव सोनकांबळे यांचे पत्र 'सोमवंशीय मित्र'ने छापले. मुरळीच्या आयुष्यात सौख्य नाही, मानाचा संसार हवा, असा त्या पत्राचा आशय होता. पुढे शिवराम जानबांच्याच संस्थेतील कार्यकर्ते गणपतराव हणमंतराव गायकवाड यांनी शिवूबाईंशी विवाह केला. लग्नाचा उपदेश करणारे पुष्कळ असतात, मांडवात उभा राहणारा एखादाच निघतो. तो शिवराम जानबांच्या संस्थेतून निघाला.

मुरळीवर लिहिणारे तेव्हा आणखीही होते. मिशनरी लिहीत, सुधारक लिहीत, सरकारी अधिकारी अहवाल देत. सगळे तिच्याविषयी बोलत. शिवराम जानबांनी तिला स्वतः बोलू दिले. छापखान्याचे बिल समाज भरणार आणि पानावर नाव शिवूबाईंचे येणार! अशा स्त्रीच्या आवाजासाठी समाजाने पैसा खर्च करण्याचे आमच्या चळवळीतले हे फार जुने उदाहरण आहे.

पुढे १३ ऑक्टोबर १९२९ रोजी पुण्यात पर्वती मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा पन्नाशी ओलांडलेले शिवराम जानबा त्याच्या अग्रभागी होते. त्यांच्या हयातीतच, १९३० साली, नवलकरांनी त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिले. १९४२ साली त्यांचे निधन झाले. तोवर बाबासाहेबांचे नेतृत्व देशभर मान्य झाले होते, आणि शिवराम जानबांनी नांगरलेल्या जमिनीत पीक उभे होते.

आता चळवळीतले दोन प्रसंग आमच्यापुढे ठेवले जातात. पहिला १९२७ च्या महाडच्या वेळचा, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातला. तमाशासम्राट पठ्ठे बापूराव यांनी आपल्या खेळांचे उत्पन्न सत्याग्रहाला देऊ केले आणि महार स्त्रियांना नाचवून मिळविलेला तो पैसा बाबासाहेबांनी नाकारला, अशी हकिगत सांगितली जाते. दुसरा प्रसंग १६ जून १९३६ चा. परळच्या दामोदर हॉलमध्ये मुरळ्या, जोगतिणी, देवदासी यांची सभा भरली. बाबासाहेबांनी त्यांना ते जिणे सोडून, गरिबी सोसूनही, मानाने जगण्यास सांगितले. या दोन प्रसंगांवरून काही बांधव असा निष्कर्ष काढतात की या स्त्रियांच्या संघटनांशी आम्हांस कर्तव्य नाही.

आम्हांस हा निष्कर्ष मान्य नाही. महाडला नाकारलेला पैसा स्त्रियांच्या अंगमेहनतीवर फडमालकाने मिळविलेला होता. आज प्रश्न पैसा घेण्याचा नाही. पैसा त्या स्त्रियांच्या हाती देण्याचा आहे. आणि दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब त्यांच्याशी समोरासमोर बोलले, स्वतःचा निर्णय घेऊ शकणारी माणसे म्हणून बोलले. पोलीस पाठवून त्यांना गाडीत कोंबा, असे त्यांनी सांगितले नाही.

चाळिशीची बाई, डोक्यावर सावकाराचे कर्ज, पदरी शाळकरी पोर. तिने ते जिणे सोडावे तर रेशनकार्ड हवे, खोली हवी, बँकेचे खाते हवे. तिने तेथेच राहावे तर गुंडापासून आणि हप्तेखोरापासून संरक्षण हवे. सोडणारी असो वा राहणारी, दोघींनाही एकटीने यातले काही मिळत नाही. ते संघटनेने मिळते. सांगलीला 'संग्राम' संस्थेच्या कामातून १९९६ साली वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली, ती या स्त्रियांचीच. कोलकात्याच्या सोनागाचीत १९९५ साली स्त्रियांनी 'उषा' ही स्वतःची सहकारी पतसंस्था काढली आणि सावकाराला पर्याय दिला.

अशा संघटनांना पैसा मिळतो तो बहुधा एड्सच्या भीतीपोटी. किती निरोध वाटले, किती तपासण्या झाल्या याचा हिशेब मागितला जातो. पोलिसांनी मारले तर वकील कोण देणार, त्याचा रकाना त्या हिशेबात नसतो. त्यावर अटीही येतात. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्याने, मदत हवी असेल तर वेश्याव्यवसायाला विरोध असल्याची लेखी हमी द्या, असे बजावले. 'संग्राम'ने २००५ साली ती हमी देण्यास नकार देऊन पैसा सोडला. गरीब जिल्ह्यातल्या संस्थेने महासत्तेला नाही म्हणणे सोपे नव्हते. परदेशात २०१२ साली 'रेड अंब्रेला फंड' निघाला, त्यात कोणाला पैसा द्यायचा हे ठरविणाऱ्यांत याच स्त्रियांचे बहुमत असते. परंतु आपल्याकडे २०२० च्या कायदादुरुस्तीने, परदेशी देणगी घेतलेल्या संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे वळती करण्यास बंदी झाली. गल्लीतल्या छोट्या गटापर्यंत पैसा येण्याची एक वाट त्यामुळे बंद झाली.

त्याच वर्षी टाळेबंदीत या वस्त्यांची उपासमार झाली. सर्वोच्च न्यायालयाने कोरडे धान्य देण्याचा आदेश दिला, महाराष्ट्र सरकारने ऑक्टोबर ते डिसेंबर २०२० साठी दरमहा ५,००० रुपये जाहीर केले. ओळखपत्र नसलेल्या बाईपर्यंत असली मदत पोहोचवायची तर तिला ओळखणारी तिची संघटनाच लागते. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या स्त्रियांना सन्मानाने वागविण्याचे निर्देश पोलिसांना दिले. बाबासाहेबांच्या संविधानातील २१ वे कलम त्यांनाही लागू आहे, असा त्याचा अर्थ. पण निर्देशाचा कागद ठाण्यात नेऊन टेबलावर ठेवायलाही प्रवासखर्च लागतो.

म्हणून आमचे समाजबांधवांना सांगणे आहे. देवदासी प्रथेविरुद्ध १९३४ चा कायदा झाला, २००५ चा झाला. कायद्यांनी प्रथा मोडते, पोट भरत नाही. आमची जयंती मंडळे, कर्मचारी संघटना, विहार समित्या दरवर्षी वर्गणी काढतात. त्यातला एक हिस्सा या स्त्रियांच्या स्वतःच्या संघटनांना द्यावा. कोणावर खर्च करावा हे त्यांनी ठरवावे. आम्ही हिशेब जरूर मागावा, शील शिकवू नये. एक बटलर आपल्या मासिकाचे पान शिवूबाईंना देऊ शकला. त्याच्या वारसांचे हात आज त्याच्याहून कितीतरी भरलेले आहेत.

जयभीम!