अठरा क्रियापदांत मावलेली इंग्रजी

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाला 'टॉलरेट' फारसे अडत नाही. शब्दकोश उघडला की अर्थ सापडतो. अडते ते 'पुट अप विथ'. 'पुट' म्हणजे ठेवणे, 'अप' म्हणजे वर, 'विथ' म्हणजे सह. या तिन्हींच्या बेरजेतून 'सहन करणे' कसे निघावे? खरे तर आपणही 'मनावर घेणे' आणि 'अंगावर घेणे' यांत एकाच 'घेणे'कडून किती निरनिराळी कामे करून घेतो! परंतु ते आपल्या कानांवर लहानपणापासून पडलेले असते. इंग्रजीतील अशा जोडक्रियापदांच्या म्हणजे फ्रेजल व्हर्ब्जच्या खांद्यावर एका विद्वानाने आपली सोपी इंग्रजी उभी केली. त्याचे नाव चार्ल्स के ऑग्डेन.

ऑग्डेन यांचा जन्म १ जून १८८९ रोजी लँकेशायरमधील फ्लीटवूड येथे झाला. सोळाव्या वर्षी संधिज्वराने त्यांना गाठले आणि पुढील सुमारे दोन वर्षे अंथरुणातच गेली. नंतर ते केंब्रिजच्या मॉडलिन महाविद्यालयात दाखल झाले. १९१२ मध्ये त्यांनी 'केंब्रिज मॅगझिन' सुरू केले. पहिल्या महायुद्धाच्या काळात या साप्ताहिकात परदेशी वृत्तपत्रांतील उतारे छापले जात आणि शत्रूराष्ट्रांचीही बाजू वाचकांपुढे येई. युद्धज्वराने पेटलेल्यांना ते रुचणे शक्यच नव्हते. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्धविरामाच्या दिवशीच, जमावाने ऑग्डेन यांचे दुकान फोडले. त्या रात्री आय. ए. रिचर्ड्स या तरुणाशी त्यांचे बोलणे झाले. विषय दंगलीवरून शब्दांच्या अर्थाकडे वळला आणि त्यातून १९२३ मध्ये दोघांचा 'द मीनिंग ऑफ मीनिंग' हा ग्रंथ साकारला.

व्याख्या कशी करावी, याचा विचार करताना दोघांच्या ध्यानात आले, की मोजके शब्द पुन्हा पुन्हा वापरून उरलेल्या शब्दांचा अर्थ सांगता येतो. ऑग्डेन या सूत्राच्या मागे लागले. तत्त्वचिंतक जेरेमी बेंथम हे त्यांचे दैवत. क्रियापदांपेक्षा नामांवर भिस्त ठेवावी, हा बेंथमचा विचार त्यांनी टोकाला नेला. १९३० मध्ये 'बेसिक इंग्लिश' प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्या ८५० शब्दांत क्रियापदे उरली होती अवघी १८! 'कम', 'गो', 'गेट', 'गिव्ह', 'पुट', 'टेक' अशी ती साधी मंडळी. 'एंटर' गेले, त्या जागी 'गो इन्टू' आले. 'रिमूव्ह'चे काम 'टेक अवे'ने पत्करले.

नुसत्या यादीने भाषा येत नाही. म्हणून या शब्दांत गोष्टी लिहिल्या गेल्या. लिओनहार्ड फ्रांक यांची 'कार्ल अँड अॅना' ही युद्धकैद्याची कथा आणि एडगर अॅलन पो यांची गुप्त खजिन्याची कथा बेसिकमध्ये आली. खजिन्याच्या ओढीने पाने उलटणाऱ्या वाचकाला एखाद्या जोडक्रियापदाचा अर्थ प्रसंगातूनच उमगतो. तो घोकावा लागत नाही. ऑग्डेन यांच्या साऱ्या खटाटोपातील हा भाग सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

टीकाकारांनी नेमके जोडक्रियापदांवरच बोट ठेवले. ढाक्यात अध्यापकांना घडवलेले आणि बंगाली विद्यार्थ्यांसाठी सोपी वाचनमाला रचणारे मायकेल वेस्ट त्यांत अग्रभागी होते. शब्द ८५० असले, तरी 'पुट' आणि 'गेट' यांच्या जोड्या व त्यांचे अर्थ वेगळे मोजले, तर विद्यार्थ्यावरील ओझे कितीतरी वाढते, हा आक्षेप बिनतोड होता. ऑग्डेन यांनी १९३५ मध्ये पुस्तकभर प्रतिहल्ला चढवला. त्यात त्वेष पुष्कळ होता. आक्षेप मात्र राहिलाच. मुंबईतही बेसिकला पाठीराखे लाभले. अॅडॉल्फ मायर्स यांचे भारतातील इंग्रजी अध्यापनावरील पुस्तक १९३८ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या छापखान्यातून निघाले.

घात झाला तो कौतुकाने. सप्टेंबर १९४३ मध्ये हार्वर्ड येथील भाषणात चर्चिल यांनी बेसिकची भलामण केली आणि ती सरकारी फायलींत शिरली. समित्या आणि पत्रव्यवहार यांत वर्षे गेली. साम्राज्य ओसरत असताना साहेबाची ही सोपी भाषा अनेकांना संशयास्पद वाटू लागली, ते वेगळेच. अखेर ऑग्डेन यांनी आपले हक्क सरकारला दिले, मोबदला २३ हजार पौंड. बेंथमलाही त्याच्या फसलेल्या तुरुंगयोजनेपोटी सरकारकडून एवढीच रक्कम मिळाली होती.

ऑग्डेन अविवाहित राहिले. पुस्तके, घड्याळे आणि मुखवटे गोळा करण्याचा त्यांना नाद होता. २० मार्च १९५७ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा बेसिकचे नाव मागे पडले होते. इंग्रजीच्या वर्गांत सोप्या शब्दांतल्या गोष्टींची पुस्तके मात्र वाचली जात होती. त्यांतील बहुतेकांवर छाप होती ती वेस्ट यांच्या पद्धतीची.