जोतीराव आणि डोंगराचे खत

पावसाळा सरत आला की भीमाशंकरच्या उतारावर कारळ्याची पिवळी फुले डोलू लागतात. तेलबियांचे हे पीक बहुधा खताशिवायच घेतले जाते आणि उत्पन्नही बेताचेच येते. या जुन्नर-आंबेगाव भागाचा विचार करताना जोतीराव फुल्यांची आठवण व्हावी, हे अनेकांस नवल वाटेल. मुलींची शाळा काढणारे (१८४८) आणि सत्यशोधक समाज स्थापन करणारे (१८७३) जोतीराव सर्वांस ठाऊक आहेत. शेतीचे अर्थकारण जाणणारे जोतीराव मात्र आपल्या क्रमिक पुस्तकांत क्वचितच भेटतात.

१८२७ साली फुलमाळ्याच्या घरी जन्मलेल्या या पुरुषाने बांधकामाची कंत्राटे घेतली, मांजरीजवळ स्वतः शेती केली. १८८० नंतरच्या दशकात जुन्नरच्या कुळांनी सावकारांच्या जमिनी कसण्याचे नाकारले, तेव्हा त्यांच्या पाठीशी सत्यशोधकांचे बळ होते. १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले की, डोंगरावरील पालापाचोळा व मेलेले जीवजंतू यांचे सत्त्व पावसाबरोबर ओढ्यानाल्यांतून वाहून जाते. ताली-बंधारे घालून ते शेतातच मुरवावे. जंगल खात्याने चराऊ राने अडविल्याने गुरे घटली, ही त्यांची तक्रारही तेथेच आहे. गुरे घटली म्हणजे शेणखत घटले, हे उघडच होय. १८९० साली ते निवर्तले.

पुढे रसायनशास्त्राने या सत्त्वाची फोड केली. नत्राने तेलबियांचे उत्पादन वाढते. परंतु ते अति झाले तर बियांतील तेलाचे प्रमाण उतरते. गंधकाने ते सुधारते. भुईमुगाला आऱ्या सुटताना जिप्सममधून कॅल्शियम मिळाले, तर शेंगा पोचट राहत नाहीत. साध्या सुपर फॉस्फेटबरोबर गंधक आपसूक शेतात जाई. डीएपीने ती वाट जवळजवळ बंद केली.

१९६८ साली स्थापन झालेल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठास जोतीरावांचेच नाव आहे. कारळ्याच्या सुधारित वाणालाही ‘फुले’ हे नाव मिळाले. ही नावे योग्यच. पण अर्थशास्त्राच्या शिक्षकाला निराळीच शंका येते. गावच्या बाजारात काट्यावर बियांचे वजन होते, त्यांतील तेलाचे नव्हे. बी तेलाने भरले म्हणून चार पैसे अधिक पडत नसतील, तर डोंगरातल्या शेतकऱ्याने पदरमोड करून गंधक का घालावे? तेलाचा लाभ घाण्यापाशी पोहोचतो. खताच्या पोत्याचे दाम मात्र त्याला पेरणीआधी मोजावे लागतात, आणि तेही अनेकदा उसनवारी करून.