मटणाच्या हिशेबवहीतून सुटलेली आगगाडी

समजा, तुमचं वय छत्तीस आहे. इंजिनीअरिंगची डिग्री नाही. खरं तर कसलीच डिग्री नाही. मटण आयात करणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात तुम्ही हिशेब लिहिता. आणि संध्याकाळी घरी आलात की जेवून-खाऊन पत्रा कापत बसता. का, तर पोरांना खेळायला क्रेन करून द्यायची आहे म्हणून!

आता सांगा, घरचे काय म्हणतील? शेजारचे काका काय म्हणतील? या वयात हे काय धंदे, असंच ना?

लिव्हरपूलमधल्या फ्रँक हॉर्नबीची 1899 सालातली परिस्थिती हुबेहूब अशीच होती. आज जगभरात कुठेही कुणी घराच्या कोपऱ्यात प्लायवर रूळ मांडून छोटी आगगाडी पळवत असेल, तर त्या छंदाच्या पायात या कारकुनाचा एक दगड आहे. 'हॉर्नबी' हे नाव आजही मॉडेल रेल्वेच्या डब्यांवर छापलं जातं. पण हा माणूस कोण होता, हे डबा उघडणाऱ्यांनाही फारसं ठाऊक नसतं.

शाळा बुडवणारा मुलगा

फ्रँकचा जन्म 15 मे 1863 चा. वडील किराणा-धान्याचे व्यापारी. शाळेत त्याचं मन कधी रमलंच नाही. तो शाळा बुडवायचा. सोळाव्या वर्षी त्यानं शिक्षण सोडलं आणि वडिलांच्याच धंद्यात कॅशिअर म्हणून बसला. लहानपणी त्यानं एकदा ऊर्जेशिवाय अखंड फिरत राहणारं यंत्र बनवायचा घाट घातला होता. असं यंत्र बनू शकत नाही, हे फिजिक्सचा पहिला धडा वाचलेलं कुणीही सांगेल. त्याचंही बनलं नाही. पण हातात हत्यार धरायची सवय तेवढी लागली.

1887 मध्ये त्यानं क्लारा गॉडफ्रॉय या शिक्षिकेशी लग्न केलं. 1899 मध्ये वडील गेले, धंदा बंद झाला आणि फ्रँकला डेव्हिड एलियट या मटणाच्या आयातदाराकडे हिशेबनीस म्हणून नोकरी धरावी लागली. म्हणजे ज्या वर्षी त्याच्या आयुष्याला कलाटणी मिळाली, ते वर्ष बाहेरून बघणाऱ्याला उतरणीचंच वाटलं असतं.

त्याच वर्षी रोलंड आणि डग्लस या आपल्या मुलांसाठी तो घरी पत्र्याची खेळणी करू लागला. पूल, ट्रक, क्रेन. अडचण एकच. प्रत्येक खेळण्याला वेगळा भाग लागायचा. क्रेन झाली की तिचे भाग पुलाला चालायचे नाहीत. मग एका रेल्वेप्रवासात त्याच्या डोक्यात आलं, की एकच पट्टी सगळीकडे चालली तर? पट्टीला ठराविक अंतरावर सारखी भोकं पाडायची, अंतर अर्धा इंच. मग नट-बोल्टनं कुठलीही पट्टी कुठेही जोडा, खोला, पुन्हा दुसरं काही बनवा.

वाचायला अगदीच साधं वाटतं ना? पण नीट बघा. त्यानं खेळणं बनवलंच नव्हतं. त्यानं नियम बनवला होता.

पाच पौंडांची उधारी

पेटंट घ्यायला पैसे नव्हते. मालकाकडून, म्हणजे एलियटकडून, त्यानं पाच पौंड उसने घेतले. जानेवारी 1901 मध्ये पेटंट मिळालं. एलियटनं नुसते पैसे दिले नाहीत, ऑफिसशेजारची जागा कामाला दिली आणि भागीदारही झाला. आपल्याकडे यशाच्या गोष्टीत साहेब हा बहुतेक वेळा खलनायक असतो. इथे तसं नाही.

1902 मध्ये सेट बाजारात आला. नाव होतं 'मेकॅनिक्स मेड ईझी'. एका डब्यात 16 प्रकारचे भाग आणि 12 मॉडेल कशी जोडायची याचं पत्रक. किंमत साडेसात शिलिंग. त्या काळच्या कामगाराच्या पगाराच्या मानानं महागच. 1903 मध्ये जवळपास 1500 सेट विकले गेले, तरी हातात नफा काही नाही. लिव्हरपूल विद्यापीठातले इंजिनीअरिंगचे प्राध्यापक हेल-शॉ यांनी कौतुकाचं पत्र दिलं, त्याचा आधार झाला. पण पहिला किरकोळ नफा दिसायला 1906 साल उजाडलं.

पेटंटपासून नफ्यापर्यंत पाच वर्षं. या पाच वर्षांत त्याच्याकडे दुसऱ्याच्या हिशेबवहीतला पगार होता. नोकरीला लाथ मारून स्वप्नामागे धावलेल्यांच्या गोष्टी आपण रोज रीलवर बघतो. हॉर्नबीची गोष्ट तशी नाही, आणि म्हणूनच ती जास्त कामाची आहे. त्याचा छंद पगारावर जगला. आणि छंद स्वतःच्या पायावर उभा राहिला, तेव्हाच त्यानं खुर्ची सोडली.

1907 मध्ये 'मेकॅनो' हे नाव नोंदवलं गेलं, 1908 मध्ये मेकॅनो लिमिटेड कंपनी झाली आणि 1914 मध्ये लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मोठा कारखाना उभा राहिला. लहानपणी तुम्हीही भोकांच्या पट्ट्या नट-बोल्टनं जोडून गाडी केली असेल, मग डब्यावर नाव कुठल्याही कंपनीचं असो. ती पट्टी याचीच.

मग आली आगगाडी

पहिल्या महायुद्धाआधी खेळण्यातल्या रेल्वेवर जर्मन कंपन्यांचं राज्य होतं. मार्कलिन कंपनीनं 1891 मध्येच रुळांची ठराविक मापं ठरवून टाकली होती. त्यामुळे आज घेतलेली गाडी उद्या घेतलेल्या रुळावर धावायची. युद्धानंतर ब्रिटनमध्ये जर्मन माल नको, अशी हवा होती. 1920 मध्ये हॉर्नबीनं नेमकी हीच वेळ साधली आणि चावीवर चालणारी आगगाडी आणली. गंमत म्हणजे ती गाडीही मेकॅनोसारखी नट-बोल्टची होती. खोला आणि पुन्हा जोडा.

1925 मध्ये विजेवरची गाडी आली. तिचा पहिला प्रकार घरातल्या मेन लाइनच्या जोरदार विजेवर चालायचा, म्हणजे मुलांच्या हाती धोकाच. पुढे कमी व्होल्टेजची रचना आली. सिग्नल, फलाट, स्टेशनं, मालडबे एकेक करत वाढत गेले आणि खेळण्यातली गाडी हळूहळू घरातली छोटी रेल्वे झाली.

1931 मध्ये हॉर्नबी एव्हर्टन मतदारसंघातून खासदार झाला, 1935 पर्यंत राहिला. शाळा अर्धवट सोडलेला तो कारकून तोवर लक्षाधीश झाला होता. 21 सप्टेंबर 1936 रोजी तो गेला. टेबलावर मावेल अशी 'हॉर्नबी डब्लो' गाडी 1938 मध्ये आली, ती त्यानं पाहिली नाही. बिन्स रोडचा कारखाना 1979 मध्ये बंद पडला. नाव मात्र राहिलं.

एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याच्या जाहिराती आणि त्याचं मासिक जवळजवळ फक्त मुलग्यांशीच बोलायचं. मुलींनी स्क्रू ड्रायव्हर धरायचा असतो, हे त्या डब्यांवरच्या चित्रात दिसत नाही. एका शिक्षिकेच्या नवऱ्याला हे सुचलं नाही, ही त्याची चूक. मुलींनो, ती चूक आपण पुढे चालवायची काही गरज नाही.

खेळण्यातून काय निघतं?

1934 मध्ये मँचेस्टरला डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी मेकॅनोचे भाग वापरून एक गणकयंत्र जोडलं. अवघड डिफरन्शिअल समीकरणं ते सोडवायचं. अमेरिकेत एमआयटीमध्ये 1946 ला विद्यार्थ्यांचा मॉडेल रेल्वे क्लब सुरू झाला. त्याच्या लेआउटखाली वायरींचं जाळं बांधणारी पोरं पुढे कॉम्प्युटरकडे वळली. 'हॅकर' हा शब्द आज आपण ज्या अर्थानं वापरतो, तो याच क्लबमध्ये रुजला.

आपल्याकडे पुण्यात कर्वे रोडजवळ भाऊ जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहे. आधी फिरतं प्रदर्शन, मग कायमचा लेआउट असा वर्षानुवर्षांचा खटाटोप करून 1 एप्रिल 1998 रोजी ते लोकांसाठी खुलं झालं. पुण्याला गेलात तर सिंहगडाच्या आधी तिथे जा, असं मी म्हणेन. एका माणसाचा हट्ट किती मोठा होऊ शकतो, ते तिथे एका खोलीत दिसतं.

आणि आपलं गोंदिया?

आता जरा तारखा जुळवून बघा. लिव्हरपूलमध्ये हॉर्नबीचे डबे नफ्याशिवाय विकले जात होते, अगदी त्याच वर्षांत बंगाल नागपूर रेल्वे गोंदियातून सातपुड्यात अडीच फुटी रूळ टाकत होती. 1903 ते 1905 या काळात गोंदिया–नैनपूर–जबलपूर नॅरोगेज सुरू झाली. 1908 मध्ये नागभीडच्या बाजूचीही आली. आपल्या आजी-आजोबांसाठी 'छोटी गाडी' म्हणजे हीच.

ती आता नाही. टप्प्याटप्प्यानं सगळीकडे ब्रॉडगेज झालं. ते हवंच होतं. रुंद रुळांनी वेग आला, माणसं-माल थेट जाऊ लागला. पण तुम्ही आज वीस वर्षांचे असाल, तर गोंदियाच्या फलाटावर छोटी गाडी उभी असलेली तुम्हाला आठवणार नाही. तुमच्या आजोबांना आठवते. किती डबे होते, शेड कुठे होती, कुठल्या वळणावर गाडी दमायची, हे सगळं त्यांच्या डोक्यात आहे. कागदावर कमीच. आणि आजोबा कायमचे नसतात.

म्हणून म्हणते, या छंदाला नुसता टाइमपास समजू नका. लेआउट करायला बसलात की प्रश्न विचारावेच लागतात. फलाट जमिनीपासून किती वर होता? सिग्नल कुठल्या बाजूला? उत्तर माहीत नसेल तर काम पुढे सरकत नाही. फोटोत चालून जातं ते मॉडेलमध्ये चालत नाही.

आणि एक मजेशीर हिशेब सांगते. मॉडेल रेल्वेत एचओ नावाचं प्रमाण सगळ्यात जास्त चालतं. त्यात खरी वस्तू 87 पटींनी लहान होते. आपल्या छोट्या गाडीचे रूळ 762 मिलिमीटर रुंद. भागिले 87, म्हणजे पावणेनऊच्या आसपास. बाजारात एन गेज नावानं मिळणारा तयार रूळ असतो 9 मिलिमीटरचा! जवळजवळ तंतोतंत. ब्रॉडगेजचं तसं नाही. 1676 ला 87 नं भागलं की सव्वाएकोणीस येतात आणि एचओचा तयार रूळ मिळतो साडेसोळाचा. म्हणजे हावडा–मुंबई मेन लाइनपेक्षा सातपुड्याची छोटी गाडी टेबलावर जास्त खरी उतरते.

सगळा मार्ग करायच्या भानगडीत मात्र पडू नका. गोंदिया ते बालाघाट 40 किलोमीटरच्या आसपास. या प्रमाणात तेवढ्यालाच जवळपास अर्धा किलोमीटर लांब टेबल लागेल. एक छोटं स्टेशन, एक वळण, एक पूल घ्या. बाकीचं बघणाऱ्याच्या मनावर सोडा.

सुरुवात कशी कराल?

• 4 बाय 2 फुटांची प्लाय पुरे. 9 मिलिमीटरचे रूळ एवढ्यात गोल फिरतात. गाडी 12 व्होल्ट डीसीवर चालते. थेट घरच्या प्लगशी खेळ नको.

• इंजिन आणि रूळ बाहेरून मागवावे लागतात आणि ते स्वस्त नाहीत. दोघा-चौघांनी मिळून घ्या. तोवर स्टेशन, घरं, पूल करायला लागा. सनबोर्ड, फेविकॉल, आइस्क्रीमच्या काड्या, अगरबत्तीच्या काड्या एवढ्यावर महिनाभर निघतो.

• बाकी सामान गोंदियातच आहे. वापरलेली चहापत्ती वाळवली की माती. लाकडाचा भुसा हिरवा रंगवला की धानाची बांधी. तणसाचे बारीक तुकडे केले की शेतातला ढीग. बोडीच्या काठी सारस ठेवायला विसरू नका. या प्रमाणात तो जेमतेम 2 सेंटीमीटरचा होतो.

• मापं बघायची असतील तर नागपूरच्या मोतीबाग नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात टेप घेऊन जा. खरे डबे, खरी इंजिनं तिथे आहेत.

• आणि सगळ्यात आधी, घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसून छोट्या गाडीबद्दल विचारा. लिहून घ्या.

हॉर्नबीला हिशेब लिहिता लिहिता जमलं. तुमची नोकरी अजून लागायची आहे, परीक्षा तोंडावर आहे, हे सगळं मान्य. पण रविवार तर आहे ना?