विश्लेषण : तान्ही बाळे का दगावतात? ज्युलिया लॅथ्रॉप यांनी घराघरांतून उत्तर कसे शोधले?

अमेरिकेत दर वर्षी किती बाळे जन्मतात आणि त्यातली किती वर्षाच्या आत दगावतात, याचा देशभराचा नेमका आकडा १९१२ मध्ये सरकारकडेही नव्हता. तो शोधण्याचे काम ज्युलिया लॅथ्रॉप यांच्याकडे आले.

कोण होत्या लॅथ्रॉप?

जन्म १८५८, इलिनॉय राज्यातील रॉकफर्ड. १८९० पासून त्या शिकागोच्या स्थलांतरित कामगारांच्या वस्तीतील ‘हल हाउस’ या सेवाकेंद्रात राहून काम करू लागल्या. १९१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी त्यांना नव्या बालविभागाचे प्रमुख केले. अमेरिकेच्या केंद्र सरकारात असे पद मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. हाताशी कर्मचारी मात्र जेमतेम १५.

पाहणी कशी झाली?

पेनसिल्व्हेनियातील जॉन्सटाऊन हे पोलादाचे शहर निवडले गेले. १९११ मध्ये तिथे जन्मलेल्या बाळांची यादी काढून महिला कर्मचारी थेट आयांच्या घरी गेल्या. माहिती देण्याची सक्ती नव्हती. बाळाला दूध कोणते, घरात नळ आहे का, ओल आहे का, वडिलांची कमाई किती, अशी विचारपूस झाली.

काय आढळले?

शहरात दर हजारी १३४ बाळे वर्षाच्या आत दगावत होती. सर्वांत गरीब वॉर्डात हेच प्रमाण २७१ होते. वडिलांची वार्षिक कमाई ५२१ डॉलरपेक्षा कमी असलेल्या घरांत बालमृत्यू १,२०० डॉलर वा अधिक कमावणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट निघाले. म्हणजे दोष केवळ आईच्या अज्ञानाचा नव्हता. तुटपुंजी मजुरी, गटारांचा अभाव आणि कोंदट घरेही बाळांच्या जिवावर उठली होती.

लोकांचा वाटा किती?

महिला मंडळांच्या सदस्यांनी आपापल्या भागातील बाळांची नावे घेऊन ती सरकारी जन्मनोंदीत आहेत का, हे पडताळले. १९१८ मध्ये देशभर स्वयंसेविकांनी लाखो मुलांचे वजन आणि उंची मोजली.

पुढे काय झाले?

१९२१ मध्ये माता-बाल आरोग्यासाठी केंद्राचा निधी देणारा कायदा झाला. त्याच वर्षी लॅथ्रॉप निवृत्त झाल्या. डॉक्टरांच्या संघटनेचा विरोध कायम राहिला आणि १९२९ मध्ये हा निधी थांबला. जन्मनोंदीचे काम मात्र सुरू राहिले. १९३२ मध्ये लॅथ्रॉप यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील सर्व राज्ये राष्ट्रीय जन्मनोंदणीत आली.